सेवेची ओढ कशी मोजावी?

२०१२ साली हाँगकाँगच्या विद्यापीठांत एकाच वेळी दोन तुकड्या दाखल झाल्या. एक जुन्या पद्धतीने सात वर्षांचे माध्यमिक शिक्षण संपवून आलेली शेवटची, आणि दुसरी नव्या पद्धतीने ते सहा वर्षांत आटोपून आलेली पहिली. शाळेचे एक वर्ष कमी झाले आणि पदवी तीनऐवजी चार वर्षांची झाली. नव्या तुकडीच्या हातात आलेल्या या जादा वर्षाचे करायचे काय, हा प्रश्न तिथल्या शिक्षणतज्ज्ञांपुढे होता. विषयाचे आणखी चार पेपर त्यात कोंबता आले असते. तसे न करता माणूस म्हणून घडण्यासाठी ते वर्ष वापरावे असे ठरले. हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठाने नेतृत्वाचे आणि सेवेतून शिकण्याचे विषय पदवीच्या सगळ्या विद्यार्थ्यांना बंधनकारक केले. याच सुमारास ‘सेवा-नेतृत्व’ ही कल्पना अभ्यासक्रमात शिरली. अभ्यासक्रम आला की परीक्षा येते. मग माणसाच्या मनातली सेवेची ओढ मोजायची कशी, हा अवघड प्रश्नही त्यामागून आला. गेल्या दशकभरात चिनी विद्यार्थ्यांच्या बाबतीत या प्रश्नावर जे काम झाले, त्याचा हा आढावा.

कल्पना कुठून आली हे आधी पाहू. १९७८ नंतर चीनचे दरवाजे उघडले तसे हाँगकाँगचे कारखाने हळूहळू शेजारच्या ग्वांगदोंग प्रांतात गेले. मागे राहिली बंदर, बँका, दुकाने, हॉटेले, विमानतळ, दवाखाने आणि कचेऱ्या. आज शहराच्या एकूण उत्पन्नातला ९० टक्क्यांहून अधिक वाटा सेवाक्षेत्राचा आहे. पो चुंग हे या बदलाचे साक्षीदार. त्यांनी १९७२ साली हाँगकाँगमध्ये डीएचएल इंटरनॅशनलच्या उभारणीत सह-संस्थापक म्हणून भाग घेतला आणि अनेक वर्षे कुरिअरचा धंदा केला. त्या अनुभवातून ते एका निष्कर्षाला आले. कारखान्यात मालाचा दर्जा यंत्रावर आणि वरच्या साहेबाच्या हुकमावर ठरतो. सेवेच्या धंद्यात तो ग्राहकाच्या दारात उभ्या असलेल्या माणसावर ठरतो. पाकीट ओले झाले आहे, पत्ता चुकला आहे, समोरचा माणूस चिडला आहे, अशा वेळी वरिष्ठांना फोन लावायला सवड नसते. त्या क्षणी तो पोऱ्याच कंपनीचा प्रमुख असतो. म्हणून नेतृत्व हे पद नसून प्रत्येकाने रोज करायची गोष्ट आहे, अशी चुंग यांची मांडणी. त्यांनी यासाठी एक संस्था काढली. हाँगकाँगमधल्या व्हिक्टर आणि विल्यम फंग या उद्योजक भावांच्या प्रतिष्ठानाने पाठबळ दिले, आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या आठही उच्चशिक्षण संस्थांत सेवा-नेतृत्वाचे अभ्यासक्रम सुरू झाले.

धंद्यातून आलेली कल्पना विद्यापीठात रुजवायला मानसशास्त्राची माणसे लागली. त्यात सगळ्यात मोठा वाटा पॉलिटेक्निक विद्यापीठातले प्राध्यापक डॅनियल शेक यांचा. शेक मूळचे व्यवस्थापनाचे नव्हेत, किशोरवयीन मुलांच्या विकासाचे अभ्यासक. २००५ पासून हाँगकाँगच्या शाळांत चाललेल्या ‘पाथ्स’ या मोठ्या प्रकल्पाचे ते प्रमुख होते. त्या प्रकल्पाने त्यांना एक शिस्त लावली होती. कार्यक्रम राबवायचा तर त्याचा परिणाम मोजायचा, आणि तोही एका मार्गाने नव्हे, अनेक मार्गांनी. हीच शिस्त त्यांनी सेवा-नेतृत्वाला लावली. २०१५ साली शेक आणि चुंग यांनी संपादित केलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा या कामाला एक आकार आलेला दिसतो. पुढे ज्ञान, अभिवृत्ती आणि वर्तन अशा तीन वेगवेगळ्या मापनश्रेणी तयार झाल्या. त्यातल्या अभिवृत्तीच्या श्रेणीची हाँगकाँगमधल्या विद्यार्थ्यांवरची तपासणी शेक आणि वेन्यू चाय यांनी २०२० साली प्रसिद्ध केली.

सेवा-नेतृत्वाचे सूत्र ‘ई = एमसी²’ असे लिहिले जाते. आइनस्टाइनचे सूत्र उसने घेतले असले तरी आशय साधा आहे. परिणामकारक नेतृत्व म्हणजे नैतिक चारित्र्य गुणिले कर्तबगारी गुणिले आस्था. यात महत्त्वाचे आहे ते गुणाकाराचे चिन्ह. बेरीज असती तर कर्तबगारीच्या जोरावर चारित्र्याची उणीव भरून काढता आली असती. गुणाकारात एक आकडा शून्य झाला की सगळेच शून्य. हुशार पण लबाड माणूस नेता ठरत नाही, आणि प्रेमळ पण कामात कच्चा माणूसही ठरत नाही. या सूत्रातली ही बाजू मला फार मोलाची वाटते, कारण आपल्या काळात कर्तबगारीच्या नावाखाली बाकी सगळे खपवून घेतले जाते. दुसरी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. ज्यांची सेवा करायची त्या यादीत इतर माणसे, गट, समाज, व्यवस्था, पर्यावरण आहेत तसा ‘स्वतः’ही आहे. आपली तब्येत, आपले शिकणे, आपला प्रामाणिकपणा सांभाळणे हीसुद्धा सेवा मानली आहे. रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० साली अमेरिकेत मांडलेल्या ‘सेवक-नेत्या’पासून ही कल्पना इथे वेगळी होते. ग्रीनलीफ यांचा नेता आधी सेवक असतो, पण तो बहुधा कुणाच्या तरी वरच्या जागेवर असतो. चुंग-शेक यांचा नेता काउंटरमागचा कारकूनही असू शकतो.

आता अभिवृत्तीच का मोजायची? ज्ञान मोजणे सोपे आहे. सूत्र पाठ आहे का, कोणत्या प्रसंगी काय करावे हे ठाऊक आहे का, हे लेखी परीक्षा सांगते. वर्तन मोजणे महाग आहे, कारण माणसाच्या मागे फिरावे लागते. मधली जागा अभिवृत्तीची. एखादी गोष्ट पटणे, ती चांगली वाटणे, तिच्याकडे मन झुकणे. शिक्षकाचा हात पोहोचू शकतो तो इथेच, आणि पुढचे वर्तन इथून निघेल अशी आशा असते.

ही आशा किती खरी, हा समाजमानसशास्त्रातला जुना वाद आहे. लुई थर्स्टन यांनी १९२८ साली अभिवृत्ती मोजता येते असे ठासून सांगितले. रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ साली त्याची सोपी रीत दिली. विधान वाचा आणि ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत एका पर्यायावर खूण करा. बँकेपासून रेल्वेपर्यंत सगळीकडे आपण भरतो ते अभिप्रायाचे कागद याच रीतीचे वंशज. पण अवघ्या दोन वर्षांत रिचर्ड लापिएर यांचा लेख आला आणि या रीतीच्या मुळावरच प्रश्नचिन्ह लागले. त्या लेखातली मध्यवर्ती माणसे होती एक चिनी विद्यार्थी आणि त्याची पत्नी. अमेरिकेत चिनी लोकांविरुद्ध उघड द्वेष होता तो काळ. लापिएर यांनी या दांपत्याबरोबर देशभर मोटारीने प्रवास केला. हॉटेले आणि खाणावळी मिळून २५१ ठिकाणी ते गेले आणि नकार मिळाला फक्त एका ठिकाणी. सहा महिन्यांनी लापिएर यांनी त्याच ठिकाणांना पत्राने विचारले, ‘तुम्ही चिनी पाहुण्यांना घ्याल का?’ १२८ उत्तरे आली आणि त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक लोकांनी ‘नाही’ लिहिले. कागदावर एक आणि दारात दुसरेच. त्या वेळी वागणे कागदापेक्षा चांगले निघाले. सेवा-नेतृत्वाच्या बाबतीत भीती उलटी आहे. कागद उत्तम आणि वागणे तोकडे.

या प्रयोगावर नंतर पुष्कळ टीका झाली. पत्राला उत्तर देणारा आणि दारात स्वागत करणारा माणूस एकच होता असे नाही, आणि नम्र, नीटनेटके, गोऱ्या प्राध्यापकासोबत आलेले जोडपे म्हणजे कागदावरचे ‘चिनी पाहुणे’ नव्हेत. ही टीका रास्त आहे. तिच्यातूनच पुढची सुधारणा झाली. आइसेक आयझेन यांनी १९९१ च्या मांडणीत दाखवले, की अभिवृत्ती एकटी वर्तन घडवत नाही. आजूबाजूचे लोक काय अपेक्षा करतात आणि ते काम आपल्या हातात आहे असे माणसाला वाटते का, या दोन गोष्टी सोबत लागतात. शिवाय अभिवृत्ती जितकी नेमकी विचारावी तितका तिचा वर्तनाशी मेळ बसतो. ‘सेवा चांगली असते का’ यापेक्षा ‘या सत्रात गटातल्या मागे पडलेल्या मुलाला शिकवायला तू वेळ देशील का’ या प्रश्नाचे उत्तर अधिक कामाचे.

हे ध्यानात ठेवून प्रश्नावलीच्या एका ओळीपाशी थांबू. नमुन्यादाखल मीच एक विधान घेतो: ‘कोणत्याही माणसात नेता होण्याची क्षमता असते.’ समोर ‘अजिबात मान्य नाही’ ते ‘पूर्ण मान्य’ असे पर्याय. सत्राच्या पहिल्या तासाला एकोणीस वर्षांची मुलगी हे वाचते. हिशेबाच्या किंवा परिचर्येच्या पदवीला ती आली आहे. घरची अपेक्षा अशी की नोकरी लागावी. शाळेत मॉनिटर कोण होणार हे शिक्षक ठरवत, आणि ती कधीच मॉनिटर नव्हती. विधान वाचून तिला दोन गोष्टी वाटू शकतात. एक म्हणजे ‘हो, असे म्हणायला हवे.’ दुसरी म्हणजे ‘माझ्यात नाही, पण असेल सगळ्यांत.’ दोन्ही वाटांनी तिची खूण ‘मान्य’वरच पडते. सत्र संपल्यावर तीच प्रश्नावली पुन्हा येते. दरम्यान तिने गटात सादरीकरण केलेले असते, स्वतःच्या चारित्र्यावर निबंध लिहिलेला असतो आणि एका शिक्षिकेने तिचे कौतुक केलेले असते. ती आता ‘पूर्ण मान्य’वर खूण करते. या एका पायरीच्या चढात पटणे किती, कृतज्ञता किती आणि शिक्षिकेला बरे वाटावे ही इच्छा किती, हे त्या खुणेवरून कळत नाही.

मापनशास्त्राला हे ठाऊक आहे, म्हणून एका विधानावर कुणी भिस्त ठेवत नाही. एकाच गुणाबद्दल अनेक विधाने विचारतात. त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळतात का हे क्रॉनबाख यांच्या १९५१ च्या गुणकाने पाहतात. मग घटक विश्लेषण करून ही विधाने अपेक्षित गटांत पडतात का ते तपासतात. म्हणजे आस्थेची आस्थेशी, चारित्र्याची चारित्र्याशी. मुलगे आणि मुली, पहिल्या वर्षाचे आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी विधानांचा अर्थ सारखाच घेतात का, हेही बघतात. शेवटी हे गुण दुसऱ्या, आधीच पारखलेल्या मापांशी किती जुळतात याचा ताळा घेतात. हाँगकाँगच्या संशोधकांनी हे टप्पे मन लावून पार पाडले आहेत. भाराभर विद्यापीठे ‘मूल्यशिक्षण’ शिकवतात आणि शेवटी सहीचा कागद पुढे करतात. त्यांच्याशी तुलना केली तर या कामाची उंची लक्षात येते. मात्र या साऱ्या कसोट्या एकच गोष्ट सिद्ध करतात. विद्यार्थ्यांची उत्तरे आपसांत सुसंगत आहेत. सगळे विद्यार्थी सगळ्या चांगल्या विधानांना सुसंगतपणे मान डोलावत असतील, तरी गुणक उत्तमच येईल.

चिनी विद्यार्थ्यांच्या बाबतीत मान डोलावण्याच्या रीतीही वेगळ्या आहेत. १९९५ च्या एका अभ्यासात सेंदाई, तैपेई, मिनियापोलिस आणि कॅनडातला अल्बर्टा इथल्या अकरावीच्या मुलांची तुलना केली होती. जपानी आणि चिनी मुले मधल्या पर्यायाकडे अधिक झुकली, अमेरिकी मुले टोकाकडे. फरक फार मोठा नव्हता, पण होता. कायपिंग पेंग आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९९९ मध्ये दाखवले की परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन गोष्टी एकाच वेळी मान्य करायला चिनी विद्यार्थी अमेरिकी विद्यार्थ्यांपेक्षा सहज तयार होतात. प्रश्नावली रचणाऱ्याला हे फार नडते. लक्ष न देता भरणारे सापडावेत म्हणून तो काही विधाने उलटी घालतो. ‘नेतृत्व हे मोजक्या लोकांचेच काम आहे’ हे त्यातलेच एक. ‘प्रत्येकात क्षमता असते’ यालाही हो आणि यालाही काहीसे हो म्हणणारा विद्यार्थी गाफील असेलच असे नाही. क्षमता सगळ्यांत असते, संधी मोजक्यांना मिळते, हे त्याने घरात आणि शाळेत पाहिले आहे. त्याचे उत्तर यंत्राला विसंगत दिसते, पण ते विचार करून दिलेले असते. स्टीव्हन हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये आणखी एक पेच मांडला. स्वतःला गुण देताना माणूस मनातल्या मनात शेजाऱ्यांशी तुलना करतो. सगळे जिथे वडीलधाऱ्यांची काळजी घेतात तिथे ‘मी आस्थेवाईक आहे’ याला मुलगा बेताचेच गुण देईल. म्हणून हाँगकाँगच्या आणि शिकागोच्या सरासरी शेजारी मांडून कोण जास्त सेवाभावी ते ठरवणे मला धोक्याचे वाटते.

मग आजवरचे निष्कर्ष काय सांगतात? बहुतेक अभ्यासांत अभ्यासक्रमानंतर गुण वाढलेले दिसतात. विद्यार्थी विषयावर आणि शिक्षकांवर समाधानी असतात, आणि आपल्याला फायदा झाला असे लिहितात. पुष्कळ अभ्यासांत मात्र एकाच गटाची आधी आणि नंतर अशी चाचणी आहे. विषय न घेतलेली मुले त्याच काळात कशी बदलली हे त्यात कळत नाही. अठरा ते बावीस या वयात माणूस तसाही बदलतो. ही उणीव ओळखून ली लिन आणि शेक यांनी २०१९ मध्ये विषय न घेतलेल्या विद्यार्थ्यांशी तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सेवा-नेतृत्वाबरोबर विद्यार्थ्यांच्या एकंदर मनःस्वास्थ्याचाही विचार होता. हा योग्य दिशेचा बदल. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नसल्याने शंकेला थोडी जागा उरतेच, कारण सक्तीचा नसलेला असा विषय आपणहून निवडणारा मुलगा मुळातच वेगळा असू शकतो.

आकड्यांपेक्षा या संशोधनातला दुसरा भाग मला जास्त सांगून जातो. अभ्यासक्रमाचे वर्णन काही शब्दांत करा, त्याला एक उपमा द्या, स्वतःवर विचार करून लिहा, अशी कामे विद्यार्थ्यांना दिली जातात आणि त्या लिखाणाचे विश्लेषण होते. इथे मुलगा मान डोलावून सुटू शकत नाही. त्याला स्वतःचे काहीतरी लिहावे लागते. जॉर्ज हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडलेला एक मुद्दाही लेखी मजकुरातच पकडता येतो. शिकण्यापूर्वी माणूस स्वतःला भरभरून गुण देतो, कारण काय कमी आहे हेच त्याला माहीत नसते. शिकल्यावर मोजपट्टीच बदलते आणि तोच माणूस स्वतःला कमी गुण देतो. ‘मी नीट ऐकून घेतो’ याला आधी पाच देणारी मुलगी, ऐकून घेणे म्हणजे काय ते कळल्यावर, तीन देते. आकड्यांत ही घसरण दिसेल, पण खरे तर तिची वाढ झाली आहे. सेवा-नेतृत्वासारख्या, आत्मपरीक्षण शिकवणाऱ्या विषयात असे वारंवार होणार. तरीही गुण वाढले नाहीत तर अभ्यासक्रम फसला असे समजण्याचा मोह प्रशासनाला होतो. शिक्षकांनी तो ठामपणे रोखला पाहिजे.

आता ‘चिनी विद्यापीठीय विद्यार्थी’ या शब्दांकडे वळू. हे सारे काम बहुतांश हाँगकाँगमधले. चीनच्या मुख्य भूमीवर सेवेला वेगळाच इतिहास आहे. १९४४ च्या सप्टेंबरमध्ये कोळशाच्या भट्टीत काम करताना मेलेल्या झांग सिदे या सैनिकाच्या स्मरणार्थ माओंनी जे भाषण केले, त्यातून ‘जनतेची सेवा करा’ ही घोषणा निघाली आणि ती आजही सरकारी कचेऱ्यांवर दिसते. १९६३ च्या ५ मार्चपासून लेई फेंग या तरुण सैनिकाचा आदर्श शाळाशाळांत शिकवला गेला. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच परंपरेत बसवले गेले आहेत. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारला. शिच्याझ्वांगच्या हुतात्मा स्मारकात त्यांची समाधी आहे. ‘के दीहुआ’ या नावाने चिनी माणसे त्यांना ओळखतात आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांपुढे त्यांचे उदाहरण ठेवले जाते. या परंपरेत सेवा म्हणजे असामान्य त्याग. त्यापुढे हात जोडायचे, जमेल तेवढे अनुकरण करायचे. सेवा-नेतृत्वाची कल्पना याच्या उलट सामान्याकडे पाहते. काउंटरवरचा, वॉर्डातला, गटातल्या गृहपाठातला साधा पुढाकार. वीरांच्या गोष्टींवर वाढलेल्या मुलाला ‘रोजची सेवा’ हे विधान क्षुल्लक वाटू शकते. हाँगकाँगच्या मुलाला तेच विधान नोकरीच्या मुलाखतीसारखे वाटू शकते. श्रेणी तीच राहिली तरी मोजले जाते ते वेगळे.

नेतृत्वाबद्दल चिनी संशोधकांनी स्वतः उभारलेली मापेही आहेत. लिंग वेनच्वान यांनी ऐंशीच्या दशकात जपानी अभ्यासक मिसुमी यांच्या दोन घटकांच्या मापात नैतिक चारित्र्याचा तिसरा घटक घातला, कारण त्याशिवाय चिनी माणूस नेत्याला नेता मानत नाही असे त्यांना आढळले. फार आणि चेंग या संशोधकांनी २००० मध्ये चिनी संस्थांतल्या ‘पितृवत नेतृत्वा’चे तीन धागे दाखवले: दरारा, माया आणि नैतिकता. यातली माया आणि नैतिकता सेवा-नेतृत्वाच्या सूत्रात जशीच्या तशी सापडते. दरारा मात्र तिथे नाही. म्हणून या विद्यार्थ्यांना दराऱ्याबद्दलही विचारायला हवे. ‘आस्था महत्त्वाची’ हे पटलेले असतानाच ‘नेत्याचा शब्द मोडायचा नाही’ हेही पटलेले असेल, तर काउंटरवरच्या कारकुनाने जागेवर निर्णय घ्यायचा कसा? सेवा-नेतृत्वाच्या मनोवृत्तीतली खरी तेढ इथे आहे, आणि नुसती सहमती मोजून ती हाती लागत नाही.

मुख्य भूमीवर आणखी एक गोष्ट मोजमापात गोंधळ करते. विद्यार्थी-पदाधिकारी हे तिथे मोठे प्रस्थ आहे. वर्गप्रमुख, कम्युनिस्ट युवक संघाचा शाखासचिव ही पदे नोकरीच्या अर्जात उपयोगी पडतात. २०१८ पासून स्वयंसेवा आणि उपक्रम यांची ‘दुसऱ्या वर्गाची गुणपत्रिका’ ठेवण्याची पद्धत सरकारने देशभर पसरवली. २०१२ मध्ये बीजिंग विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक च्यान लीछुन यांनी नामांकित विद्यापीठे ‘नजाकतदार स्वार्थी’ माणसे तयार करत आहेत असे म्हटले, आणि ते शब्द देशभर गाजले. त्यांचा रोख होता तो हुशार, जगाची रीत जाणणाऱ्या आणि व्यवस्थेचा स्वतःसाठी पुरेपूर वापर करणाऱ्या तरुणांवर. अशा तरुणाला अभिवृत्तीच्या श्रेणीत सर्वाधिक गुण मिळतील. काय अपेक्षित आहे ते त्याला सगळ्यांआधी कळते. यासाठी १९६० पासून क्राउन आणि मार्लो यांची सामाजिक इष्टतेची चाचणी आहे. स्वतःला चांगले दाखवण्याची ओढ ती वेगळी मोजते. सेवा-नेतृत्वाच्या श्रेणीबरोबर अशी चाचणी नेहमी जोडावी असे मला वाटते. तरी या मुलांवर सरसकट ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. २००८ च्या वेनछुआन भूकंपानंतर आपणहून मदतीला धावलेल्या तरुणांत विद्यार्थी मोठ्या संख्येने होते, आणि त्यांना कुणी तासांचा हिशेब विचारला नव्हता.

हाँगकाँगच्या प्रयोगातून पुढे काय करता येईल, यातली एक गोष्ट काळाची आहे. २०१२ ची ती दुहेरी तुकडी आता तिशीत आहे. ती रुग्णालयांत, बँकांत, शाळांत कुणाच्या तरी वर काम करते आहे. त्यांच्या हाताखालच्यांना विचारण्याची वेळ आली आहे. दुसरी गोष्ट खर्चाची. अभिवृत्तीची बहुतेक विधाने फुकट मान्य करता येतात. विधानात किंमत घातली की उत्तरे बदलतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी गटातल्या मुलाने मदत मागितली, प्राध्यापकाची चूक सगळ्यांदेखत दाखवायची वेळ आली, वरिष्ठाने अहवालात आकडा बदलायला सांगितला, असे प्रसंग देऊन विद्यार्थी काय निवडतो हे पाहता येते. तिसरा प्रश्न ‘कुणाची सेवा’ हा, आणि तो टाळता येत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये याच पॉलिटेक्निक विद्यापीठाच्या आवारात आंदोलक आणि पोलीस समोरासमोर आले आणि आवाराला अनेक दिवस वेढा पडला. आपण समाजाची सेवाच करतो आहोत असे त्या वेळी आत आणि बाहेर दोन्हीकडच्या तरुणांना मनापासून वाटत असणार. समाजाच्या व्याख्येवर मतभेद असतील तर सेवेवरची सहमती फारसे काही सांगत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रालाही लवकरच भिडणार आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आपल्या महाविद्यालयांत आहे, आणि २०२३ पासूनच्या नव्या रचनेत समाजसहभागाच्या प्रकल्पांना पदवीत श्रेयांक मिळू लागले आहेत. श्रेयांक द्यायचे तर मोजावे लागेल. तेव्हा हाँगकाँगच्या श्रेणीचे घाईघाईने भाषांतर करून वाटण्यापेक्षा तिथल्या उणिवांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे सेवा घेणाऱ्याचा आवाज. पॉलिटेक्निकचे विद्यार्थी कंबोडिया आणि रवांडातल्या खेड्यांत जाऊन घरांवर सौरपट्ट्या बसवून आले आहेत. त्यांच्या मनात काय बदलले हे मोजायची साधने तयार आहेत. पण ज्या घरावर पट्टी बसली त्या घरच्या बाईला काय विचारायचे? समाधान विचारले तर तीही पूर्ण सहमतीवरच खूण करेल. दूरवरून आलेल्या मुलांना कोण नाव ठेवील? तिला सहमती विचारून चालणार नाही, घडलेले विचारायला हवे. मुले सांगितलेल्या दिवशी आली का? दिवा कुठे हवा हे तुला विचारले का? बॅटरी कशी सांभाळायची हे घरात कुणाला शिकवले? दिवा आज लागतो का? बंद पडला तेव्हा तू कुणाला कळवलेस, आणि कुणी उत्तर दिले का? या पाच उत्तरांशेजारी त्या मुलांची प्रश्नावली ठेवली, तर अभिवृत्तीच्या आकड्याला पहिल्यांदाच काही वजन येईल.